प्रोस्टाग्लँडिन मोजायचंय? सुई टोचण्यापासून हिशोबापर्यंत, क्रमाने

फेब्रुवारी उजाडला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. प्रोस्टाग्लँडिन (पेशी जागच्या जागी बनवतात ते निरोप देणारे रेणू) मोजायच्या किटची पिवळी पडलेली ९६ वेलची, म्हणजे खळग्यांची, प्लेट, आणि खाली मेसेज, "मॅडम सगळ्या सँपलला सारखंच रीडिंग येतंय, किट खराब आलंय का?" किट क्वचित खराब असतं. पाषाण, हडपसर, कात्रज, कुठल्याही लॅबमधून फोटो येऊ दे, खोदून विचारलं की कळतं की घोळ किट उघडायच्या आधीच झालाय, रक्त काढताना, ट्यूब बेंचवर ठेवून चहाला गेल्यावर नाहीतर सँपल साफ करताना. तेच तेच फोनवर सांगून कंटाळले म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते. डेझर्टेशनवाल्यांनी पायऱ्यांचा क्रम बदलू नका, उड्या तर अजिबात मारू नका.

पायरी १: नक्की काय मोजणार ते आधी ठरवा

"पीजीई२ (म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई२) मोजायचंय" एवढं पुरत नाही. का, ते कळायला शरीर हे प्रकरण बनवतं कसं आणि संपवतं कसं एवढं तरी माहीत पाहिजे.

पेशीच्या पडद्यातल्या फॉस्फोलिपिडला अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड चिकटलेलं असतं, २० कार्बन, ४ डबल बाँड. पेशीला धक्का बसला, आत कॅल्शियम वाढलं की फॉस्फोलायपेज ए२ ते कापून मोकळं करतं. मग कॉक्स-१ किंवा कॉक्स-२ (सायक्लोऑक्सिजनेज नावाची एन्झाइमं) त्याचं आधी पीजीजी२ आणि लगेच पीजीएच२ करतं. हे पीजीएच२ म्हणजे चौक आहे, इथून पुढे कुठल्या पेशीत कुठलं एन्झाइम बसलंय त्यावर रस्ता ठरतो: प्लेटलेटमध्ये थ्रोम्बॉक्सेन ए२, रक्तवाहिनीच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन, बाकी ठिकाणी पीजीई२, पीजीडी२, पीजीएफ२ अल्फा. यातला एकही माल गोदामात साठवलेला नसतो. मागणी आली की ताजा बनतो, म्हणजे तुमची सुई, तुमचं सेंट्रीफ्यूज, तुमचा होमोजिनायझर हीसुद्धा त्याच्यासाठी मागणीच आहे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढच्या अर्ध्या चुका इथूनच निघतात.

आता संपतं कसं ते बघा. पीजीई२ आधी ट्रान्सपोर्टरमधून पेशीत ओढलं जातं, तिथे १५-पीजीडीएच नावाचं एन्झाइम १५ नंबरच्या कार्बनवरच्या ओएचचा कीटो करतं, मग १३-१४ मधला डबल बाँड जातो आणि तयार होतं १३,१४-डायहायड्रो-१५-कीटो-पीजीई२. हे काम मुख्यतः फुप्फुसात होतं, रक्त एकदा फुप्फुसातून फिरून आलं की ९० टक्क्यांच्या वर पीजीई२ गायब. पुढे शेपट्या कापल्या जातात आणि शेवटी लघवीत पडतो तो टेट्रानॉर मेटाबोलाइट (मोडतोडीनंतर उरलेला, चार कार्बन गेलेला रेणू), ज्याला पीजीई-एम म्हणतात. थ्रोम्बॉक्सेन ए२ ला तर एन्झाइमचीही गरज नाही, पाण्यात अर्ध्या मिनिटात अर्धं संपतं आणि टीएक्सबी२ (थ्रोम्बॉक्सेन बी२) होतं. प्रोस्टासायक्लिन तसंच, फक्त थोडं सावकाश, मिनिटांच्या हिशोबात, त्याचं ६-कीटो-पीजीएफ१ अल्फा होतं.

म्हणून निवड अशी करा. पेशी वाढवताय आणि मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) काय सुटतंय ते बघायचंय, तर सरळ पीजीई२ मोजा, तिथे फुप्फुस नाही. अख्ख्या शरीरात किती बनतंय हा प्रश्न असेल तर लघवीतलं पीजीई-एम. प्लाझ्माचाच हट्ट असेल तर पीजीई२ नको, त्याचा १५-कीटोवाला मेटाबोलाइट बघा, कारण प्लाझ्मात जे पीजीई२ सापडतं ते बरंचसं तुम्ही ट्यूबमध्ये बनवलेलं असतं. अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेट बंद पडल्या का हे बघायचं तर सीरम टीएक्सबी२. आणि लघवीतलं पीजीई२, मेटाबोलाइट नव्हे, हे मुख्यतः किडनीचं असतं, त्यावरून सांधेदुखीबद्दल निष्कर्ष काढू नका. पुरुषांच्या सँपलमध्ये आणखी एक भानगड आहे, वीर्यात पीजीई प्रचंड असतं, थेंबभर अंश लघवीत उतरला तरी आकडा आकाशाला भिडतो. लाजू नका, सूचनापत्रात स्पष्ट लिहा.

सावधान: बाजारातल्या किटवर "पीजीई मेटाबोलाइट" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा प्लाझ्मातल्या १५-कीटोवाल्यासाठी, आणि लघवीतलं टेट्रानॉर पीजीई-एम ही वेगळी वस्तू. नावं सारखी, माल वेगळा. ऑर्डर देण्याआधी माहितीपत्रक वाचा, नाहीतर किटचे पैसे पाण्यात.

पायरी २: माणसाला नीट विचारा

"काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की लोक बीपी-शुगर सांगतात. पेनकिलर हे आपल्याकडे औषधात धरतच नाहीत.

एका वर्षी आमच्या निरोगी गटात एका मुलाचं सगळंच तळाला, टीएक्सबी२ तर ब्लँकच्या जवळपास. दोन वेळा प्लेट लावली, तेच. शेवटी फोन करून गप्पा मारल्या तेव्हा कळलं स्वारी ढोल पथकात, गणपतीच्या आधीची प्रॅक्टिस जोरात, कंबरेला ढोल बांधून रोज तीन तास, मग रात्री एक कॉम्बिफ्लाम. "ते काय औषध नाही मॅडम, ते तर सगळेच घेतात." कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, म्हणजे कॉक्सच्या तोंडावरच कुलूप.

त्यामुळे नावं घेऊन विचारा. कॉम्बिफ्लाम घेतली का, व्होव्हेरान घेतली का, पाळीत मेफ्टाल घेतली का, डिस्प्रिन, सर्दीची गोळी, क्रोसिन, डोलो, दुखऱ्या जागी लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल. पॅरासिटामॉल निरुपद्रवी समजून सोडू नका, तेही आकडा खाली आणतं. आयबुप्रोफेन काही तासांत उतरतं पण अ‍ॅस्पिरिन कॉक्सला कायमचं चिकटतं, प्लेटलेटला न्यूक्लियस नाही म्हणून नवीन कॉक्स बनवता येत नाही, ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, मुकीच. म्हणून शेवटच्या गोळीपासून २ आठवडे गेलेले असावेत.

सावधान: हृदयाच्या पेशंटचं रोजचं ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन तुमच्या प्रोजेक्टसाठी थांबवायचं नाही. कधीच नाही. नोंद करा, वेगळा गट करा किंवा त्यांना घेऊच नका. आणि एथिक्स कमिटीचं पत्र हातात आल्याशिवाय मैत्रिणीचंसुद्धा रक्त काढू नका.

तंबाखू-सिगारेट, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम आणि मुलींच्या बाबतीत पाळीची तारीख, हेही लिहून घ्या. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात पीजीएफ२ अल्फा वाढलेलं असतं, पोटातल्या कळा त्याच्याच.

पायरी ३: तयारी आदल्या दिवशी, सकाळी नाही

इंडोमेथॅसिनचा (कॉक्स बंद पाडणारं औषध) स्टॉक करा: ३.५८ मिलिग्रॅम १ मिली इथेनॉलमध्ये, झाला १० मिलिमोलर. ५ मिली रक्ताच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये याचे ५ मायक्रोलिटर आधीच टाकून ठेवायचे म्हणजे शेवटी १० मायक्रोमोलर होतं. रक्त काढल्यावर टाकू म्हणणारे उशिराच टाकतात, तोवर प्लेटलेटनी हात साफ केलेला असतो. इंडोमेथॅसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्यात करून गढूळ दुधासारखं ट्यूबमध्ये ढकललंत तर प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळा डोस.

आयसोप्रोस्टेनही (प्रोस्टाग्लँडिनसारखेच रेणू) मोजणार असाल तर बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला, ०.००५ टक्के. आयसोप्रोस्टेन कॉक्सशिवाय, निव्वळ ऑक्सिडेशनने होतात, त्यामुळे इंडोमेथॅसिन त्यांना अडवत नाही, आणि मायनस २० मध्ये पडलेल्या जुन्या प्लाझ्मात ते आपोआप वाढत बसतात.

सेंट्रीफ्यूज अर्धा तास आधी ४ डिग्रीला लावा. आणि आरपीएम (मिनिटाचे फेरे) म्हणजे जी (गुरुत्वाच्या पटीतला जोर) नव्हे! १६ सेंटीमीटर रेडियसच्या रोटरला १५०० जी हवं असेल तर साधारण २९०० आरपीएम लागतात, "१५०० वर फिरवलं" म्हणणाऱ्यांनी त्याच्या जवळजवळ पावपट जोर दिलेला असतो आणि वरच्या प्लाझ्मात प्लेटलेट तशाच तरंगत असतात.

ट्यूबवर नाव साध्या मार्करने लिहू नका, इथेनॉल लागलं की पुसतं. क्रायो लेबल किंवा सरळ पेन्सिल.

पायरी ४: सँपल घेणं

इथे हात घाईचा नको आणि ढिलाही नको.

प्लाझ्मासाठी २१ नंबरची सुई, दंडाला पट्टा जेमतेम बांधायचा, शिर दिसली की सैल सोडायचा. पहिलं २ मिली रक्त वेगळ्या ट्यूबमध्ये, कारण सुईने शिर फोडली त्याचा सगळा राग त्या २ मिलीत असतो. मग ईडीटीए-इंडोमेथॅसिनच्या ट्यूबमध्ये घ्या, ८ वेळा हळू उलटी-सुलटी करा, हलवून फेस काढायचा नाही, सरळ बर्फात. १५ मिनिटांच्या आत सेंट्रीफ्यूज, वरचा प्लाझ्मा घेताना मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लागू द्यायचं नाही, थोडा प्लाझ्मा सोडून दिला तरी चालेल. गुलाबी प्लाझ्मा आला तर ते सँपल बाद, मनाला कितीही लागलं तरी.

सीरम टीएक्सबी२ चं सगळं नेमकं उलट आहे आणि इथे मुलं हमखास गोंधळतात. इथे आपल्याला प्लेटलेटनी जीव तोडून काम करायलाच हवंय. म्हणून साधी काचेची ट्यूब, ईडीटीए नाही, इंडोमेथॅसिन नाही, बर्फ तर नाहीच. रक्त काढल्या काढल्या ३७ डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये बरोबर १ तास, मग सेंट्रीफ्यूज. ट्यूब एसीच्या गारव्यात २२ डिग्रीला ठेवलीत तर थ्रोम्बॉक्सेन कमी बनतं आणि तुम्ही आनंदाने लिहून मोकळे होता की अ‍ॅस्पिरिन काय मस्त लागू पडलंय. वॉटरबाथ खोलीत नसेल तर थर्मासमध्ये ३७ डिग्रीचं पाणी घेऊन बेडपाशी जा, हा जुगाड आम्ही वर्षानुवर्षं करतोय, फक्त थर्मामीटर आत ठेवा.

लघवीचं सोपं. सकाळची, मधल्या धारेची, लगेच बर्फात, सेंट्रीफ्यूज करून वाटून ठेवायची. क्रिएटिनिनसाठी वेगळी छोटी ट्यूब आत्ताच काढून ठेवा, नंतर अ‍ॅसिड घातलेल्या सँपलवर क्रिएटिनिन लावू नका.

पेशींच्या मीडियाबाबत एकच: एफबीएसमध्ये (मीडियात घालतात ते वासराच्या गर्भाचं सीरम) स्वतःचं अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड आणि प्रोस्टाग्लँडिन असतात. शक्य असेल तर शेवटचे काही तास सीरम नसलेला मीडिया द्या, आणि पेशी न टाकलेला निव्वळ मीडियासुद्धा त्याच इन्क्युबेटरमध्ये तेवढाच वेळ ठेवून प्लेटवर लावा. टिश्यू असेल तर काढल्याक्षणी लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि कुटताना गार बफर आणि त्यात इंडोमेथॅसिन, नाहीतर कुटण्याचंच प्रोस्टाग्लँडिन मोजाल.

चेक करा: प्रत्येक ट्यूबपुढे वहीत तीन वेळा लिहिल्यात का? रक्त काढलं ती, सेंट्रीफ्यूजला टाकलं ती, फ्रीझरला गेलं ती. नसतील तर पुढे जायचं नाही.

पायरी ५: साठवण आणि ने-आण

अर्धा मिलीचे भाग करून मायनस ८० ला. दोनदा वितळवलेलं परत गोठवून तिसऱ्यांदा वापरायचं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे पुणेकरांना काय सांगायचं, फ्रीझर जनरेटरवर आहे का ते आधी बघा.

हडपसरहून पाषाणला गोठलेलं सँपल आणायचं तर ड्राय आइसमध्ये. जेल पॅकवर भिस्त ठेवून विद्यापीठ चौकातल्या जॅममध्ये तासभर अडकलात की डब्यात सूप. ड्राय आइसचा डबा हवाबंद करू नका, आणि गाडीची काच खाली ठेवा, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत जिवावर येतो.

पायरी ६: एक्स्ट्रॅक्शन

मीडिया आणि हजारपट पातळ केलेलं सीरम थेट प्लेटवर चालतं. प्लाझ्मा आणि लघवी नाही. त्यांना सी१८ कार्ट्रिजमधून (तेलकट रेणू धरून ठेवणारी छोटी नळी) काढावं लागतं आणि इथे क्रम म्हणजे क्रमच.

पहिलं म्हणजे बर्फावर वितळवायचं आणि काहीही करायच्या आधी रिकव्हरीची, म्हणजे किती माल शेवटपर्यंत टिकला ते सांगणारी, खूण टाकायची. मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) जाणार असाल तर डी४ पीजीई२, म्हणजे ४ हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेलं. एलायझा (अँटीबॉडी आणि रंगावर चालणारी प्लेटवरची चाचणी) असेल तर एकाच सँपलचे दोन भाग करून एका भागात ठरलेलं पीजीई२ टाका. खूण शेवटी टाकली तर ती शेवटच्या पायरीचंच नुकसान दाखवते, आधीचं सांडलेलं कोण मोजणार?

प्लाझ्मा असेल तर ४ पट गार इथेनॉल घालून प्रोटीन खाली बसवा, फिरवा, वरचं घ्या आणि इथेनॉल नायट्रोजनखाली उडवून टाका. आळस करून इथेनॉलसकट कार्ट्रिजवर ओतलंत तर प्रोस्टाग्लँडिन चिकटतच नाही, सगळं पाण्याबरोबर सिंकमध्ये.

मग पीएच ४ च्या आसपास आणा, थेंब थेंब अ‍ॅसिड घालून, दर वेळी पट्टीवर बघत. ४ का, तर त्या पीएचला त्याचं अ‍ॅसिडचं टोक चार्ज सोडतं आणि सी१८ ला धरून बसतं. ३ च्या खाली गेलात आणि तसंच ठेवून जेवायला गेलात तर पीजीई२ मधून पाण्याचा रेणू निघतो, पीजीए२ होतं, आणि पीजीई२ ची अँटीबॉडी त्याला फारशी ओळखत नाही. अल्कलीतही तेच, उलट पुढे जाऊन पीजीबी२ होतं. म्हणून अ‍ॅसिड घातलं की लगेच कार्ट्रिजवर.

कार्ट्रिजला आधी ५ मिली मिथेनॉल, मग ५ मिली पाणी, वाळू द्यायचं नाही. सँपल सेकंदाला एक थेंब. मग पाणी, मग नीट वाळवून हेक्झेन, आणि शेवटी १ टक्का मिथेनॉल घातलेलं इथाइल अ‍ॅसिटेट, यात आपला माल उतरतो.

हा माल काचेत नाहीतर पॉलीप्रोपिलीनमध्ये धरा. माझ्या पहिल्या वर्षी मी रॅकमध्ये दिसल्या त्या स्वच्छ पारदर्शक ट्यूब लावल्या, त्या निघाल्या पॉलीस्टायरीनच्या. बघता बघता काचेसारख्या ट्यूब दुधाळ झाल्या, मग मऊ, मग एकीचं बूड खाली लोंबायला लागलं. १४ सँपल, तीन महिन्यांची वणवण, आणि मी हातात वितळलेलं प्लॅस्टिक घेऊन उभी. पारदर्शक आणि कडक दिसली की संशय घ्यायचा, दुधट आणि वाकणारी असेल तर बहुतेक पॉलीप्रोपिलीन.

नायट्रोजनखाली वाळवा, जोर इतकाच की पृष्ठभागावर खळी पडेल, शिंतोडे नाही. वाळलं की लगेच बफर घाला, भिंती धुऊन घ्या, रात्रभर कोरडं ठेवू नका.

सावधान: वास घेऊन बघा. इथाइल अ‍ॅसिटेटचा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास ट्यूबच्या आसपास येत असेल तर वाळलेलं नाहीये. हुडमध्येच, नाक ट्यूबमध्ये खुपसू नका.

पायरी ७: प्लेट

ही कॉम्पिटिटिव्ह एलायझा आहे, म्हणजे तुमचं पीजीई२ आणि किटमधला ट्रेसर (रंग देणारी खूण लावलेलं पीजीई२) एकाच अँटीबॉडीच्या जागेसाठी भांडतात. पीजीई२ जास्त, रंग कमी. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं पण त्यातली गोम लक्षात येत नाही: अँटीबॉडीला बिघडवणारी कुठलीही गोष्ट, उरलेलं सॉल्व्हंट, चुकलेला पीएच, प्रोटीन, मीठ, या सगळ्यांनी रंग कमीच होतो, आणि रंग कमी म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो प्रोस्टाग्लँडिन जास्त. म्हणजे घाण सँपल नेहमी "पॉझिटिव्ह" येतं. सगळ्या सँपलला सारखंच भरघोस रीडिंग, हा जो फेब्रुवारीतला फोटो, तो बहुतेक हाच.

त्यावर उपाय एकच, प्रत्येक सँपल दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर लावा. १:२ ला ४०० आणि १:४ ला २०० आलं पाहिजे. १:४ ला ९० आलं तर १:२ मध्ये काहीतरी नडतंय, आणखी पातळ करा. सीरम टीएक्सबी२ ला तर हे फारच महत्त्वाचं, निरोगी माणसात मिलीला ३०० नॅनोग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे ३ लाख पिकोग्रॅम, आणि स्टँडर्ड कर्व्ह (ठरलेल्या मापांवरून काढलेली रेघ) साधारण १००० पिकोग्रॅमला संपते. १:१००० करा. अ‍ॅस्पिरिनवाल्यांना तेवढं पातळ केलंत तर काहीच दिसणार नाही, त्यांना १:२० पासून सुरू करा.

स्टँडर्ड सँपलच्याच बफरमध्ये करायचं, मीडिया असेल तर मीडियात. प्रत्येक डायल्यूशनला नवीन टिप. १५-कीटो मेटाबोलाइटचं किट असेल तर त्यात रात्रभर कार्बोनेटमध्ये ठेवून एका स्थिर रूपात आणायची पायरी असते, ती सँपलला करतात आणि स्टँडर्डला विसरतात. दोघांनाही करा, एकाच वेळी.

चेक करा: बी-शून्य, म्हणजे सँपल नसलेली पूर्ण रंगाची वेल, किटने सांगितलेल्या मर्यादेत येईपर्यंत प्लेट वाचू नका. आणि बी भागिले बी-शून्य २० ते ८० टक्क्यांच्या बाहेरची रीडिंग धरायची नाहीत, तिथे कर्व्ह आडवी झोपलेली असते, रंगात केसभर फरक पडला तरी आकडा दुप्पट होतो.

मास स्पेकवाल्यांसाठी दोनच ओळी. पीजीई२ आणि पीजीडी२ चं वजन तेच, तुकडाही तोच, ३५१ वरून २७१. कॉलमवर दोन्ही शिखरं वेगळी दिसली नाहीत तर तुम्ही दोघांची बेरीज मोजताय, मशीन कितीही महाग असो.

पायरी ८: हिशोब

समजा २ मिली लघवी घेतली, शेवटी अर्धा मिली बफरमध्ये विरघळवली, म्हणजे ४ पट घट्ट झाली. प्लेटवर ४०० पिकोग्रॅम प्रति मिली आलं. ४०० भागिले ४ म्हणजे १००. रिकव्हरी ८० टक्के होती, तर १०० भागिले ०.८, झाले १२५. आता क्रिएटिनिन ५० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली, १२५ भागिले ०.५. उत्तर २५० पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम क्रिएटिनिन. डेसीलिटरचं मिली करायला विसरलात तर आकडा शंभरपट चुकतो आणि परीक्षकाला तो पहिल्या पानावर दिसतो. रिकव्हरी ५० च्या खाली आली तर गुणाकार करून सारवासारव करू नका, एक्स्ट्रॅक्शन परत करा.

थिसिसमध्ये नुसतं "पीजीई२ पातळी" लिहू नका. कुठला रेणू, कुठल्या द्रवात, इंडोमेथॅसिन कधी टाकलं, किती वेळा गोठवलं-वितळवलं, रिकव्हरी किती. आणि आता प्लेटचा फोटो पाठवलात तर त्याच्याबरोबर वहीतल्या त्या तीन वेळांचाही फोटो पाठवा, मी आधी तोच बघणार आहे.